गुगल मॅपशिवाय सातारा, बामणोली, महाबळेश्वर: जुन्या पद्धतीची ट्रिप कशी काढायची

पूर्वीच्या ट्रिपांची मजाच वेगळी होती असं आमच्या वयाची माणसं पोरांना सारखं ऐकवत असतात, यष्टीनं निघायचं, रात्री कुठं पडणार ते ठरलेलं नाही, घरी तीन दिवस पत्ता नाही वगैरे वगैरे, मग पोरांनाही वाटतं की काढूया एक तशीच. आणि करतात काय, तर फोन फ्लाइट मोडवर टाकतात, हॉटेल आधीच बुक असतं, आणि संध्याकाळी रस्ता चुकला की पहिल्या झटक्यात लोकेशन ऑन. अशानं काही होत नाही. आमच्याकडं फोन नव्हता हे खरं, पण त्याच्या जागी बाकीचं बरंच काही होतं, घरी लिहून ठेवलेला कागद होता, पाठ केलेलं वेळापत्रक होतं, कुणाला काय विचारायचं याची सवय होती. ते सगळं आधी जमवा आणि मग फोन बंद करा, नुसता फोन बंद केला तर ती ट्रिप होत नाही, ती हरवण्याची तयारी होते.

रूट मी आपला सातारचाच सांगतो कारण तो या कामाला एकदम बेस्ट आहे. सातारा, सज्जनगड, ठोसेघर, परत सातारा, मग कासच्या पठारावरून बामणोली, तिथून लाँचनं तापोळा, तापोळ्यावरून महाबळेश्वर, आणि उतरताना पाचगणी-वाई. तीन मुक्काम धरा. यात यष्टी आहे, पायी आहे, पाणी आहे, घाट आहे, आणि कुठंही अडकलात तरी चार-पाच किलोमीटरवर एखादं गाव लागतंच.

आधी घरचं काम. एका फुलस्केप कागदावर लिहा, कुठल्या दिवशी सकाळी कुठं, रात्री कुठं, सोबत कोण कोण, त्यांच्या घरचे नंबर, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, अमुक वारी रात्री इतक्या वाजेपर्यंत आलो नाही तर कुणाला फोन करायचा. दोन कॉप्या करा, एक घरी, एक मित्राच्या घरी. पूर्वी आमचे वडील हा कागद कॅलेंडरच्या मागं खोचून ठेवायचे आणि रोज संध्याकाळी चष्मा लावून बघायचे, आता कुठं असतील. आईला वेगळं सांगायला लागायचं नाही. परतीची वेळ लिहिताना अर्धा दिवस जादाच धरा, यष्टी चुकते, लाँच उशिरा सुटते, आणि तुम्ही मजेत चहा पीत बसलेले असता तेव्हा घरी उगाच रडारड नको.

दुसरं, दोन नंबर तोंडपाठ करा. हसू नका, स्वतःच्या बायकोचा नंबर पाठ नसलेली माणसं मला माहीत आहेत. एसटीडी बूथ तर आता गेलेच, नाहीतर पूर्वी रात्री अकरानंतर दर चौथाईवर यायचा म्हणून बूथबाहेर रांग लागायची आणि आतल्या काचेच्या खोक्यातला माणूस मीटरकडं बघत बघत बोलायचा, प्रेमाचं बोलणं सुद्धा पल्स मोजून. आता किराणा दुकानदाराला, 'मामा एक फोन लावून देता का, घरी सांगायचंय' म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही, पण नंबर तुम्हाला पाठ पाहिजे ना.

आणि फोन घरी ठेवू नका. जुन्या काळचं प्रेम वगैरे ठीक आहे पण पाय मुरगळला तर ११२ लावायला काहीतरी लागणार. फुल चार्ज करून स्विच ऑफ, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सुई-दोऱ्यानं शिवून सॅकच्या तळाला. शिवायचीच, नुसती गाठ मारलेली पिशवी पहिल्याच दिवशी दुपारी सुटते. ग्रुपमध्ये एकच असा फोन पुरे.

आता नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा टोपोशीट, म्हणजे चढ-उतार दाखवणारा नकाशा घ्या, हल्ली त्यांच्या साइटवरून उतरवून घेता येतो, मोठ्या कागदावर प्रिंट काढा. आपला सगळा रूट ४७ जी या नंबरच्या शीटांमध्ये येतो, गंमत म्हणजे ७४ अंश रेखांश सातारा शहराला चिकटूनच जातो त्यामुळं शहराच्या पूर्वेला सरकलात की लगेच ४७ के सुरू होतो, पण आपण पश्चिमेलाच जाणार आहोत तेव्हा त्याचं काम नाही. या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. वळणावळणाचा रस्ता पट्टीनं मोजू नका, शिवणाचा दोरा रस्त्यावरून फिरवत न्या आणि मग तो दोरा पट्टीवर धरा. तपकिरी रेषा उंचीच्या, त्या जवळजवळ आल्या की चढ छातीवर येणार, लांब लांब असल्या की निवांत. वेळ काढायचा हिशोब साधा, सपाटीला तासाला चार-पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, पाठीवर ओझं आणि डोक्यावर ऊन असेल तर त्यात अजून निम्मं घाला. गुगलची 'वीस मिनिटं' डोक्यातून काढून टाका.

दिशा सातारकरांना शिकवायची गरज नाही पण बाहेरच्यांसाठी सांगतो. शहरातून वर टॉवर असलेला डोंगर दिसतो तो अजिंक्यतारा, तो दक्षिण. यवतेश्वरचा डोंगर पश्चिम, तिथूनच कासला चढायचं. कोरेगावच्या अंगाला जरंडेश्वर, ती पूर्व. एवढं डोक्यात बसलं की शहरात तुम्हाला कुणी फिरवू शकत नाही. पुढं ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर मात्र पवनचक्कीची खूण धरू नका, सगळ्या सारख्याच दिसतात, 'त्या पंख्यापासून डावीकडं' असं ठरवलेला माणूस संध्याकाळपर्यंत पंखेच मोजत बसतो. तिथं खूण धरायची तर रस्त्याचा फाटा, देऊळ, पाण्याची टाकी, असलं काहीतरी.

रस्त्यावरचे दगड वाचायला शिका, हे आता कुणीच करत नाही. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर नॅशनल हायवे, हिरवं असेल तर राज्य मार्ग, काळं किंवा निळं म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, आणि केशरी म्हणजे गावाकडं जाणारा ग्रामसडकवाला. धुक्यात पाटी दिसत नसेल आणि दगडाचं डोकं अचानक केशरी झालं की समजायचं, मोठा रस्ता मागं सुटला.

रस्ता विचारणं ही खरी कला आहे, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बाकी सगळं पुस्तकात मिळेल, हे मिळणार नाही. पहिला नियम, 'बामणोलीला हाच रस्ता ना?' असं विचारायचं नाही. आपल्याकडची माणसं भली, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून 'व्हय व्हय, जावा सरळ' म्हणून मोकळी होतात. 'बामणोलीला कुठनं जायचं?' असं विचारा, म्हणजे समोरच्याला स्वतःच्या डोक्यातून रस्ता काढून सांगावा लागतो, माहीत नसेल तर तिथंच कळतं. दुसरा नियम, किती लांब ते किलोमीटरमध्ये विचारू नका, 'चालत गेलो तर तिन्हीसांजेच्या आत पोचू का' असं विचारा. 'हे काय हितंच' याचा अर्थ अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत काहीही होतो, सांगणारा रोज डोक्यावर भारा घेऊन ती वाट तुडवत असतो, त्याला खरंच ती हितंच वाटते. तिसरा, निदान दोघांना विचारा, आणि दुसऱ्याला विचारताना पहिल्यानं काय सांगितलं ते बोलायचं नाही. चौथा, कुणाला विचारायचं. गाडीवरून भुर्रकन जाणाऱ्या पोराला नको. गुरं राखणारे आजोबा, पाण्याला निघालेली मावशी, शाळेतले गुरुजी, नाहीतर दूध घालायला चाललेले दादा, ही माणसं रोज पायानं चालतात. आणि विचारायच्या आधी थांबा, सॅक खाली ठेवा, रामराम घाला, 'काय मामा, पाऊसपाणी काय म्हणतंय' एवढं झालं की मग रस्ता. उभ्या उभ्या विचारलेल्याला उभं उभंच उत्तर मिळतं. बसून विचारलं तर वाटेतला पाण्याचा झरा, कुत्रं सोडलेलं घर, आणि कुणाच्या तरी घरी आज बारसं आहे तिकडं जेवूनच जावा, इथपर्यंत सगळं कळतं.

यष्टीचं आता. स्टँडवर गेल्यावर आधी बोर्ड वाचा, मग चौकशीच्या खिडकीवर विचारा, मग ज्या गाडीत बसणार तिच्या कंडक्टरला विचारा, तिन्ही उत्तरं जुळली तर नशीब. बोर्डावरची वेळ बदललेली असते आणि रंग मारायचा राहिलेला असतो. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न 'पुढची गाडी कधी' हा नसून 'शेवटची गाडी कधी' हा आहे, जाणारी पण आणि येणारी पण, ते कागदावर लिहून घ्या. आणि मुक्कामी गाडी कुठली ते विचारा. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी गावाला जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. जुन्या फिरस्त्यांची सगळी प्लॅनिंग या गाडीवर असायची, कारण ही गाडी शेवटच्या गावापर्यंत जाते, त्यात गावची माणसं असतात आणि उतरेपर्यंत तुमच्या मुक्कामाची सोय कुणीतरी ठरवून टाकलेली असते. सुट्टे पैसे ठेवा, हल्ली कंडक्टरकडं स्कॅन करून पैसे देता येतात पण तुमचा फोन शिवलेला आहे हे विसरू नका. नोटा तीन ठिकाणी ठेवायच्या, खिशात, सॅकमध्ये आणि मोज्यात. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणं अजून चालतं, मात्र रुमालावर भांडण झालं तर समोर आजी असेल तर रुमाल उचलायचा.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास १९८८ पासून आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो. या रूटला तो परवडत नाही, अंतरं कमी आहेत. पुढं कोल्हापूर, पंढरपूर, कोकण असं उनाडायचं असेल तर जरूर काढा, तेव्हा तो वसूल होतो.

आता दिवसांचं बघू. पहिल्या दिवशी सज्जनगड. गाडी बरीच वर जाते, मग पायऱ्या, पण पायथ्याच्या परळीतून चालत चढलात तर जास्त चांगलं, खाली उरमोडीचं पाणी दिसत राहतं. गडावर समर्थांची समाधी, दुपारी प्रसादाचं जेवण, आणि संस्थानाच्या भक्तनिवासात राहायची सोय होते. रात्री दरवाजा बंद होतो त्यामुळं सूर्यास्त बघत बाहेर रेंगाळू नका. तिथं गेल्यावर सोवळं-ओवळं, शांतता, जेवणाच्या पंगतीची वेळ हे पाळायचं, तो काही लॉज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच पुढं ठोसेघर, धबधबा बघून दुपारच्या आत साताऱ्यात. पावसाळ्यानंतर गेलात तर ठोसेघरला पाणी असतं, मार्च-एप्रिलला गेलात तर कडाच बघून यायचा.

साताऱ्यातून संध्याकाळी बामणोली. वाटेत कास लागतं, २०१२ ला पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलेलं. फुलांच्या सीझनला तिथं ऑनलाइन बुकिंग, पार्किंग, शिट्ट्या, सगळा गोंधळ असतो, जुन्या पद्धतीच्या ट्रिपला तो टाइम बिलकुल नको. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर-डिसेंबर. फुलं नसतात, पण रस्ता मोकळा, पाणी भरलेलं, आणि थंडी अशी की शेकोटीपाशी अनोळखी माणूसही गप्पा मारतो.

बामणोली शिवसागराच्या काठावर, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याच्या. समोर जे पाणी दिसतं त्याखाली गावं होती, म्हाताऱ्या माणसाला विचारलंत तर हात करून दाखवतात, आमचं शेत तिकडं होतं. हे ऐकायला वेळ ठेवा, सेल्फीची घाई नाहीच आहे. इथून वासोटा किल्ल्याला पण जाता येतं पण त्याला वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद असतो, आणि एक अख्खा दिवस जातो, त्यामुळं या ट्रिपमध्ये मी तो धरत नाही. सकाळी तापोळ्याची लाँच. दराचा बोर्ड असतो, अख्खी बोट करावी लागते, तुम्ही दोघंच असाल तर काठावर बसून दुसरा ग्रुप यायची वाट बघा आणि भाडं वाटून घ्या, अशी वाट बघण्यातच ओळखी होतात. अंधार पडला की बोटी बंद, म्हणून दुपारवर ढकलू नका. तापोळ्याहून महाबळेश्वर पंचवीस-तीस किलोमीटर, सगळा चढ, यष्टी कमी, जीप मिळते. जीपमध्ये मागं उलटं बसायला मिळालं तर उलटीची गोळी आधीच घ्या.

मुक्कामाचं एकच सूत्र, दिवस मावळायच्या आत विचारायचं. अंधारात दार वाजवणाऱ्याला कुठलंही गाव घाबरतं. आधी दुकानात चहा घ्या, मग सरपंच नाहीतर पोलीस पाटील कुठं भेटतील विचारा, स्वतःचं नाव-गाव सांगा, आणि देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकू का म्हणून परवानगी घ्या. बायकापोरी सोबत असतील तर देऊळ-शाळेच्या भानगडीत न पडता कुणाच्या तरी घरी किंवा गावातल्या घरगुती खोल्यांमध्ये आधीच ठरवून राहा, पूर्वीही आमच्या बहिणी निघाल्या की असंच करायचो. देवळात दारू-सिगरेट नाही, सकाळी जागा झाडून निघायचं. घरी जेवायला घातलं तर पैसे हातावर ठेवू नका, अपमान होतो, पोरांना वह्या-पेन्सिली द्या.

सामानात काय. पाठीवर दहा किलोच्या वर नको. सोलापुरी चादर, एक स्वेटर, दोन जोड कपडे, सुतळी, सुई-दोरा, काडेपेटी मेणकापडात गुंडाळून. सॅकच्या आत खताच्या पोत्यातली जाड प्लास्टिकची पिशवी धुऊन अस्तरासारखी लावा, कितीही पाऊस झाला तरी चादर कोरडी राहते, हजारभर रुपयांच्या रेनकव्हरपेक्षा भारी. सेलची बॅटरी, म्हणजे टॉर्च, घेतली तर प्रवासात एक सेल उलटा घालून ठेवा, नाहीतर सॅकमध्ये दाबून बटण सुरू होतं आणि रात्री बघावं तर मेलेली. खायला दशम्या, दुधात पीठ भिजवून केलेल्या असल्या की दोन दिवस आरामात टिकतात, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ-शेंगदाणे, कांदे. चिप्स नको, नुसतं पाणी पाणी होतं.

फोटोचं, रोलचा कॅमेरा कुणाकडं असेल तर आणा, नसेल तर विकत घेऊ नका, रोल आणि धुलाई आता महाग झालीय. साधा डिजिटल कॅमेरा घ्या आणि छत्तीसच फोटो काढायचे असं ठरवा, एका रोलला तेवढेच असायचे. मागं वळून स्क्रीन बघायची नाही. पहिल्या दिवशी दहा उडतील, मग हात आखडतो आणि माणूस आधी नीट बघायला लागतो.

टू-व्हीलरवरून निघणार असाल तर जुनी येझदी, राजदूत नाहीतर स्कूटर शोधत बसायची काही गरज नाही. त्या गाड्यांची आठवण गोड आहे पण पेट्रोलमध्ये मापानं ऑइल मिसळा, प्लग काळा पडला की पॉलिश पेपरनं घासा, स्कूटर आडवी करून परत किक मारा, हे सगळं पसरणी घाटात पावसात करणाऱ्याला ती तेव्हा गोड वाटत नव्हती. आहे ती गाडी न्या, फक्त पंक्चर किट, एक जादा क्लच वायर आणि हवेचा पंप ठेवा. जुन्यांची एक शिस्त मात्र घ्या, घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर उतरायचा नाही, आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. फियाट घेऊन येणारा कुणी शौकीन असेल तर खंबाटकी घाटाच्या आधी रेडिएटर बघा, वर पाण्याचा कॅन ठेवा, आणि इंजिन तापलेलं असताना टोपण उघडू नका, तोंडावर वाफ येते.

चुकामुकीचा नियम निघायच्या आधीच ठरवा. कुणी मागं राहिलं तर शोधत फिरायचं नाही, जिथं सगळे शेवटचे एकत्र होते तिथं परत यायचं आणि एक तास थांबायचं. तरी भेट नाही झाली तर पुढच्या स्टँडच्या चौकशी खिडकीपाशी. दोघंही एकमेकांना शोधायला लागले की दिवस गेला.

पोस्टकार्डं सातारच्या मोठ्या पोस्टातून आधीच घेऊन ठेवा, अजून पन्नास पैशाला मिळतात, छोट्या गावात कधी असतात कधी नसतात. महाबळेश्वरला बसून घरच्यांना आणि बामणोलीत ज्यांच्याकडं जेवलात त्यांना दोन ओळी टाका. घरचं कार्ड तुमच्या नंतर पोचेल, पोचू दे.

वाईला उतरल्यावर ढोल्या गणपती, वेळ असला तर मेणवलीचा घाट, आणि रविवार संध्याकाळ असेल तर पुण्याच्या गाडीचा नाद सोडून आधी साताऱ्याला या, वाईला गाडी भरूनच येते, साताऱ्यातून सुटणारी मिळते आणि बसायला जागा पण. गाडीतच वही काढून खर्चाचा हिशोब करून टाका, कुणी कुणाला किती द्यायचे ते तिथंच फिटलं पाहिजे, फोन उघडल्यावर करू म्हटलं की वर्षभर राहतं.